खाल्ल्या घरचे वासे : बर्लिन, १९३६



खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याला आपल्याकडे कृतघ्न म्हणतात. ज्याच्या पंक्तीला बसलो, ज्याच्या हातचा वरणभात जेवलो, त्याच्या आढ्याकडे पाहून बाहेर त्याची चर्चा करणे आपल्या समाजाने फार हलके मानले आहे. म्हण जुनी आहे आणि घरगुती व्यवहारात ती योग्यच आहे. परंतु यजमान हे एखादे कुटुंब नसून अख्खे राज्य असेल, पंक्त म्हणजे साऱ्या जगाला आमंत्रण देऊन मांडलेला सोळा दिवसांचा उत्सव असेल, आणि जेवता जेवता पाहुण्याची नजर वर जाऊन वाशांना लागलेली कीड त्याला दिसली असेल, तर त्याने काय करावे? आज मी आपल्याला अशा एका पाहुण्याची हकीकत सांगणार आहे. पाहुणा टॉमस वुल्फ नावाचा अमेरिकन कादंबरीकार, यजमान हिटलरचे जर्मनी, स्थळ बर्लिन आणि निमित्त १९३६ सालच्या ऑलिंपिक सामन्यांचे.

वुल्फ हे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकेशी त्याचा काही संबंध नाही, आणि याच नावाचा दुसरा एक अमेरिकन लेखक, जो २०१८ साली वारला, तोही निराळा. आपला वुल्फ १९०० साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ॲशव्हिल या डोंगराळ गावी जन्मला. बाप थडग्यांचे दगड घडवी, आई भाडेकरू ठेवून त्यांना जेवू घाली. हा मुलगा वाढत वाढत साडेसहा फुटांवर गेला. साध्या टेबलाशी बसणे त्याला गैरसोयीचे होई, म्हणून रेफ्रिजरेटरच्या माथ्यावर कागद ठेवून तो उभ्याने लिहीत असे. १९२९ साली त्याची 'लुक होमवर्ड, एंजल' ही पहिली कादंबरी निघाली आणि ॲशव्हिलमध्ये हलकल्लोळ उडाला. गावातील कितीतरी माणसे त्याने नुसती नावे बदलून पुस्तकात आणून बसवली होती, आणि प्रत्येकाने स्वतःला आणि त्याहून आनंदाने शेजाऱ्याला ओळखले. त्यानंतर जवळजवळ आठ वर्षे वुल्फने गावात पाऊल टाकले नाही. म्हणजे जन्मघरचे वासे त्याने एकदा मोजून दाखवले होते आणि त्याची किंमत काय पडते हे त्याला पुरते ठाऊक होते.

जर्मनीने मात्र त्याला डोक्यावर घेतले. १९३२ साली बर्लिनच्या रोव्होल्ट या प्रकाशकाने त्याच्या कादंबरीचे भाषांतर काढले आणि ते तेथे फार वाखाणले गेले. त्याच्या वडिलांचे घराणे मूळचे पेनसिल्व्हेनियात वसलेल्या जर्मनांचे. त्यामुळे पितृभूमी म्हणून या देशाची ओढ त्याला आधीपासूनच होती. १९२८ साली म्युनिकच्या प्रसिद्ध जत्रेत बिअरच्या मांडवात मारामारी करून त्याने डोके फोडून घेतले आणि इस्पितळात पडून राहिला, तरी ती ओढ कमी झाली नाही! १९३५ च्या मे महिन्यात तो बर्लिनला गेला, तेव्हा तर त्याचे स्वागत एखाद्या विजयी वीरासारखे झाले. अमेरिकेचा राजदूत विल्यम डॉड हा मूळचा इतिहासाचा प्राध्यापक आणि वुल्फच्याच राज्यातला. त्याच्या घरी, त्याची कन्या मार्था हिच्या मित्रमंडळीत, वुल्फचे रोज उठणे-बसणे होऊ लागले. हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा दोन वर्षे उलटली होती. पुस्तकांच्या होळ्या होऊन गेल्या होत्या. पण ज्याचे पुस्तक होळीत पडले नाही आणि ज्याच्या गळ्यात हार पडत आहेत, त्याला धूर दिसत नाही. वुल्फला त्या खेपेस स्वच्छ रस्ते, टापटीप आणि प्रेमळ माणसे दिसली. कुजबुज कानावर आली, पण ती त्याने फारशी मनावर घेतली नाही.

१९३६ साली तो पुन्हा आला, यामागे सामन्यांच्या ओढीइतकेच एक अगदी रोखीचे कारण होते, आणि ते आपण नीट लक्षात ठेवले पाहिजे. त्याच्या पुस्तकांचे मानधन बर्लिनमध्ये साठत होते, परंतु ते देशाबाहेर नेता येत नव्हते. जर्मनीत १९३१ च्या आर्थिक अरिष्टापासून परकीय चलनावर कडक बंधने होती. देश कायमचा सोडणाऱ्यावर त्याच वर्षी कर बसवला गेला होता, आणि नाझींनी ती दोरी आणखी आवळली. सीमा ओलांडणाऱ्या प्रवाशाला फक्त दहा मार्क रोख जवळ ठेवता येत. तेव्हा वुल्फपुढे मार्ग एकच : बर्लिनला जावे आणि आपला पैसा तेथेच खाऊन-पिऊन संपवावा. कुर्फ्युर्स्टनडाम या झगमगत्या रस्त्यावरील एका हॉटेलात तो उतरला आणि त्या कामाला लागला. पाहुण्याच्या दृष्टीने हा कायदा म्हणजे सक्तीची चैन होती. तोच कायदा दुसऱ्या एखाद्याच्या गळ्याभोवती कसा बसतो, ते त्याला महिन्याभराने, परतीच्या वाटेवर दिसायचे होते.

आता त्या शहराकडे वळू. हे सामने बर्लिनला मिळाले ते १९३१ साली, म्हणजे हिटलरच्या आधी. त्याच्या पक्षाला प्रथम या आंतरराष्ट्रीय मेळ्याविषयी तिटकाराच होता. पण असा आयता रंगमंच सोडणे शहाणपणाचे नाही हे गोबेल्सने लवकर ओळखले. मग खर्चाला हात आखडता घेतला गेला नाही. वेर्नेर मार्च या वास्तुशिल्पज्ञाने एक लाख प्रेक्षकांचे दगडी क्रीडागार उभारले. ऑलिंपियाच्या अवशेषांतून सूर्यकिरणांनी ज्योत पेटवून तीन हजारांहून अधिक धावपटूंकरवी ती यजमान शहरात आणायची, ही प्रथाही याच वेळी सुरू झाली. आज आपण ती पाहतो तेव्हा ती प्राचीन ग्रीसची वाटते. प्रत्यक्षात ती कार्ल डीम या जर्मन संघटकाच्या कल्पनेतून निघाली आणि त्या मशाली क्रुपच्या कारखान्यात बनल्या. गावात ठिकठिकाणी दालने करून तेथे दूरचित्रवाणीवर सामने दाखवण्यात आले. उंटर देन लिंडेन या राजरस्त्यावरचे जुने लिंडेन वृक्ष भुयारी रेल्वेच्या खोदकामासाठी आधीच तोडले गेले होते. नव्या रोपांच्या डोक्यावरून उंच उंच निशाणे फडकत होती आणि ध्वनिक्षेपक दिवसभर बोलत होते.

हे झाले मांडलेले. काढून ठेवलेले काय होते, ते पाहणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला अधिक उपयोगाचे. ज्यूंना मज्जाव करणाऱ्या पाट्या शहरातून आणि हमरस्त्यांवरून उतरवल्या गेल्या. ज्यूंविरुद्ध गरळ ओकणारे 'डेर श्ट्युर्मर' हे साप्ताहिक चव्हाट्यावरच्या पेट्यांतून दिसेनासे झाले. वंशाचा विषय सामन्यांच्या वार्तांकनात आणू नये, असे हुकूम वर्तमानपत्रांना गेले. ज्यूंचे नागरिकत्व काढून घेणारे न्युरेंबर्गचे कायदे होऊन एक वर्षही झाले नव्हते आणि त्यांतील एक अक्षरही मागे घेतलेले नव्हते. पाटी तेवढी पाहुणे जाईपर्यंत आत ठेवली होती. १६ जुलैला पोलिसांनी बर्लिनमधील सुमारे ६०० रोमा व सिंती, म्हणजे ज्यांना लोक जिप्सी म्हणत ती कुटुंबे, उचलून शहराच्या कडेला मारत्सान येथे सांडपाण्याची शेते आणि कबरस्तान यांच्या शेजारी नेऊन ठेवली. पाहुण्यांच्या नजरेला ती नकोत, एवढाच त्यांचा गुन्हा. त्याच जुलैत शहराच्या उत्तरेस सुमारे ३५ किलोमीटरवर झाक्सेनहाउझेनची छळछावणी कैद्यांकडूनच बांधून घ्यायला सुरुवात झाली होती. क्रीडागारात टाळ्या पडत होत्या तेव्हा तेथे झाडे तोडण्याचे काम चालू होते.

खेळाडूंतही हेच. ग्रेटेल बेर्गमान ही ज्यू मुलगी इंग्लंडला निघून गेली होती. घरच्यांवर संकट येईल अशा धमक्या देऊन तिला परत आणले, कारण ज्यूंना संघात स्थान नसेल तर आम्ही येणार नाही, अशी भाषा अमेरिकेत चालू होती. सामन्यांच्या आधी महिनाभर तिने उंच उडीत १.६० मीटर ओलांडून जर्मन उच्चांकाची बरोबरी केली. अमेरिकन संघाचे जहाज १५ जुलैला न्यू यॉर्कहून सुटले आणि तिची निवड झाली नसल्याचे पत्र दुसऱ्या दिवशीच्या तारखेचे आहे. बर्लिनला त्या स्पर्धेत पहिल्या तिघींनी ओलांडलेली उंची १.६० मीटरच होती. मग फेरउडीत सुवर्णपदक मिळाले ते हंगेरीच्या इबोल्या चाक हिला, आणि ती स्वतः ज्यू होती! बेर्गमान पुढे अमेरिकेत गेली आणि १०३ वर्षांची होऊन २०१७ साली वारली. कॅप्टन वोल्फगांग फ्युर्स्टनेर याच्या वाट्याला इतके आयुष्य आले नाही. खेळाडूंचे निवासग्राम उभारणारा तो प्रमुख अधिकारी. त्याच्या वंशात ज्यू रक्त निघाले म्हणून ऐन वेळी त्याला दुय्यम जागेवर बसवले. सामने संपल्यावर दोन-तीन दिवसांत त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली, आणि मोटार अपघात झाल्याचे जाहीर करण्यात आले.

वुल्फला यातले त्या वेळी काय दिसणार? तो राजदूताच्या कक्षात बसून सामने पाहत होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जेसी ओवेन्स या अमेरिकन निग्रो धावपटूने, त्या काळी हाच शब्द चाले, १०० मीटर, लांब उडी आणि २०० मीटर अशी तीन सुवर्णपदके तीन दिवसांत मिळवली आणि ९ तारखेला साखळी शर्यतीतले चौथे. ओवेन्सच्या विजयाला वुल्फने आपल्या साडेसहा फुटी देहातून अशी आरोळी ठोकली की हिटलर आपल्या आसनात वळून, हे कोण ओरडले म्हणून रागाने पाहू लागला, असे मार्था डॉडने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

येथे एक प्रचलित गोष्ट दुरुस्त केली पाहिजे. हिटलरने ओवेन्सशी हस्तांदोलन करण्याचे नाकारले, असे शाळेपासून आपण ऐकतो. घडले ते असे. २ ऑगस्टला हिटलरने जर्मन आणि फिनिश विजेत्यांना बोलावून त्यांचे अभिनंदन केले, आणि उंच उडी कॉर्नेलियस जॉन्सन हा काळा अमेरिकन जिंकत असता तो क्रीडागारातून निघून गेला. तेव्हा ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांनी त्याला निरोप धाडला की अभिनंदन करायचे तर सर्वांचे करा, नाहीतर कोणाचेच नको. हिटलरने दुसरा पर्याय घेतला. ओवेन्स पहिले पदक जिंकला तो त्यानंतरच्या दिवशी. आणि हेही सांगायला हवे, की ओवेन्स मायदेशी परतल्यावर न्यू यॉर्कमध्ये त्याची मिरवणूक निघाली, पण त्याच्याच सत्काराच्या समारंभाला जाताना त्याला हॉटेलच्या सामानाच्या लिफ्टने वर जावे लागले. त्याच्या राष्ट्राध्यक्षानेही त्याला भेटीला बोलावले नाही. खुद्द वुल्फ ज्या प्रदेशात वाढला तेथे काळ्यांच्या शाळा वेगळ्या, आगगाडीचे डबे वेगळे. त्याच्या पत्रांतून काळ्यांविषयी आणि ज्यूंविषयीही न शोभणारे उद्गार आढळतात. तो कोणी संत नव्हता. मला तो याच कारणाने अधिक विश्वसनीय साक्षीदार वाटतो. यजमानाचा द्वेष करण्याचे त्याला काही कारण नव्हते आणि पीडितांविषयी जन्मजात कळवळाही नव्हता.

त्या ऑगस्टमध्ये आपली माणसेही बर्लिनला होती. उद्घाटनाच्या संचलनात भारतीय पथकाने हिटलरपुढे नाझी पद्धतीने हात उंचावला नाही. पथकापुढे झेंडा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. पण हॉकीच्या अंतिम सामन्यापूर्वी कपडे बदलण्याच्या खोलीत खेळाडूंनी तिरंग्याला वंदन केले आणि मग ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली जर्मनीला ८ विरुद्ध १ असे हरवले. तारीख होती १५ ऑगस्ट! हिटलरने ध्यानचंदांना सैन्यात मोठी जागा देऊ केल्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. ती रंजक आहे, पण इतिहास म्हणून मी ती सांगणार नाही. बडोद्याचे सयाजीराव महाराजही तेव्हा बर्लिनला आले होते. आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपला हुतूतू, म्हणजे कबड्डी, आणि इतर देशी व्यायामप्रकार करून दाखवून तेथल्या प्रेक्षकांची वाहवा मिळवली. वऱ्हाडातल्या आखाड्याने बर्लिनपर्यंत मजल मारावी याचा अभिमान कोणालाही वाटेल, मलाही वाटतो. एवढेच की त्या टाळ्या वाजवणाऱ्या नगरीने कोणते कपडे तेवढ्यापुरते घातले होते, हे आज ठाऊक असताना तो अभिमान सांगणे थोडे अवघड जाते.

वुल्फचे डोळे कशाने उघडले? प्रेक्षागृहात बसून ते उघडले नसते. लोकांच्या शिस्तीने तो प्रथम भारावला आणि मग त्याच शिस्तीची त्याला भीती वाटू लागली. हे आता खेळ उरलेले नसून एका राष्ट्राने आपल्या एकवटलेल्या बळाचे केलेले प्रदर्शन आहे, असे त्याच्या मनाने घेतले. पण खरे कळले ते रात्री, मित्रांच्या खोल्यांत. माणसे बोलता बोलता दाराकडे पाहत, आवाज खाली आणत, अमक्याचे काय झाले असे विचारले की विषय बदलत. रोव्होल्टच्या प्रकाशनसंस्थेत काम करणारा हाइन्झ लेडिग हा त्याचा जिवलग मित्र झाला होता. वुल्फच्या कथेत याच मित्रावरून घेतलेले एक पात्र आहे, आणि ते निवेदकाला विनवते की तू आमच्याविरुद्ध काही लिहू नकोस, लिहिलेस तर तुझी पुस्तके येथे बंद होतील आणि मग आम्हांला वाचायला काय उरेल? हा युक्तिवाद वरवर पाहता भित्रेपणाचा वाटतो. मला तो फार करुण वाटतो. ज्या घरात सगळ्या खिडक्या बंद होत चालल्या आहेत तेथला माणूस शेवटची फट सांभाळू पाहत होता. वासे मोजू नकोस, असे यजमान म्हणत नव्हता. घरातला ओलीस म्हणत होता.

सामने १६ ऑगस्टला संपले. पुढे काही दिवस टिरोलच्या डोंगरात घालवून वुल्फ सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बर्लिनहून पॅरिसच्या गाडीत बसला. त्याच्या डब्यात एक छोटेखानी, अस्वस्थ, सारखा चुळबुळ करणारा गृहस्थ होता. लांबच्या प्रवासात होते तसे झाले. आधी सगळे घुमे, मग एकाने तोंड उघडले आणि संध्याकाळपर्यंत डब्यात स्नेह जमला. दहा मार्कांच्या नियमाची चर्चा निघाली. त्या गृहस्थाने आपल्याजवळचे थोडे जादा मार्क सीमा ओलांडेपर्यंत सांभाळायला सहप्रवाशांपाशी दिले. त्यांत वुल्फही होता. आखेन हे सीमेवरचे शेवटचे जर्मन स्थानक. तेथे पाय मोकळे करून मंडळी परततात तो डब्यापाशी पोलिस. तो गृहस्थ ज्यू होता आणि आपली पुंजी घेऊन देशाबाहेर निघाला होता, हे तेव्हा कळले. त्याला खाली उतरवले. तो फलाटावर अधिकाऱ्यांना काहीतरी समजावत होता, हातवारे करीत होता. गाडी हलली. डबा समोरून जाताना तो क्षणभर थांबला आणि त्याने आपल्या सोबत्यांकडे पाहिले; ओळखीची एक खूणही त्याने केली नाही, कारण खूण केली असती तर ज्यांच्या खिशात त्याचे पैसे होते ती माणसे अडकली असती. सीमेपलीकडे गेल्यावर डब्यातील एक बाई त्यालाच दोष देऊ लागली. वुल्फच्या खिशात ते मार्क तसेच राहून गेले.

ज्या कायद्याने वुल्फला बर्लिनला आणून महिनाभर मेजवान्या झोडायला लावल्या, त्याच कायद्याने आखेनला त्या माणसाला गाडीतून खेचले. सोळा दिवसांची सजावट या एका गोष्टीवर पांघरूण घालू शकली नाही, कारण नियम पाहुण्याला आणि घरच्याला सारखाच होता. फरक होता तो फक्त कोणाला परत जाता येत होते यात.

वुल्फने पॅरिसला पोहोचताच लिहायला घेतले. 'आय हॅव अ थिंग टु टेल यू' ही त्याची दीर्घकथा १९३७ च्या मार्चमध्ये 'न्यू रिपब्लिक' या साप्ताहिकात तीन भागांत आली. तिने काय ओढवेल हे तो जाणून होता. जगात जेथे त्याला सर्वांत निर्मळ प्रेम मिळाले होते त्या देशात त्याची पुस्तके बंद झाली, उरलेले मानधन गेले, आणि तेथे परतण्याची वाट कायमची बुजली. या कथेत दोषही आहेत. ज्यू प्रवाशाचे चित्र काढताना जुन्या पूर्वग्रहांच्या रेषा लेखकाच्या हातून सुटलेल्या नाहीत, आणि जर्मनीविषयीचा त्याचा विलाप कधी कधी फार लांबतो. परंतु त्या ऑगस्टमध्ये हजारो पाहुणे बर्लिनहून घरी गेले आणि शहर किती सुंदर होते हे सांगत बसले. अमेरिकन ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष ॲव्हेरी ब्रंडेज तर पुढेही या सामन्यांची वाखाणणीच करीत राहिला. वुल्फपाशी त्या सर्वांपेक्षा जास्त गमावण्यासारखे होते.

एर्न्स्ट रोव्होल्टवर १९३८ साली व्यवसायबंदी आली, कारण तो ज्यू लेखकांना आडून काम देत होता. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला वुल्फ क्षयाने, तो मेंदूपर्यंत पोहोचून, बाल्टिमोरच्या इस्पितळात वारला. त्याला अजून ३८ वर्षेही पुरी झाली नव्हती. मरण्यापूर्वी वर्षभर, १९३७ साली, तो ॲशव्हिलला जाऊन आला होता आणि गावाने त्याचे बरे स्वागत केले होते. मागे राहिलेल्या हस्तलिखितांच्या ढिगाऱ्यातून एडवर्ड ॲसवेल या संपादकाने 'यू कान्ट गो होम अगेन' ही कादंबरी जुळवून १९४० साली प्रसिद्ध केली. बर्लिनचे सामने आणि आखेनची गाडी हा भाग तिच्यात शेवटाकडे येतो. त्या प्रवाशाला मात्र त्यात नाव नाही. त्याच्या चुळबुळीवरून ठेवलेले एक टोपणनाव तेवढे आहे.